घडीचा चाकू सारखा जाम होतोय? तेल घालायच्या आधी हे बघा

दरवर्षी जुलै संपत आला की माझ्याकडं चाकू यायला लागतात. पन्हाळा-पावनखिंड करून आलेली पोरं असतात, त्यांचे चाकू दोन दिवस चिखलपाण्यात भिजून सॅकच्या तळाला तसेच पडलेले. मग दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटली की शेतातली माणसं घेऊन येतात, आणि मे महिन्यात आजरा-चंदगडकडचे फणस-काजूवाले. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिटर आहे, चाकू दुरुस्ती हा काय माझा धंदा नाही, पण गेली बारा-तेरा वर्षं तक्रार एकच ऐकतोय. तेल घातलं होतं, आठ दिवस झकास चालला, परत जाम.

आणि दहातल्या आठ वेळा कारणही तेच निघतं. तेल घाणीवर घातलेलं असतं. सांध्यात आधीच साखर, माती, खिशातला धुरळा बसलेला, त्यावर तेल पडलं की घाण मऊ होते म्हणून आठ दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर नवी धूळ चिकटते आणि आधीपेक्षा घट्ट लगदा होतो. माणूस परत तेल घालतो. असं तीन-चार वेळा झालं की चाकू माझ्या टेबलावर येतो. म्हणून हे एकदा नीट लिहून काढतोय.

लक्षणं आधी. तुमचं कुठलं ते बघून घ्या.

पातं उघडताना नख तुटायची वेळ येतेय, किंवा पात्याला चिमटीत धरून ओढावं लागतंय.

उघडतं, पण शेवटी जो टक् असा आवाज यायचा तो येत नाही, आळसटल्यासारखं उघडतं आणि तसंच मिटतं.

उघडताना-मिटताना करकर लागते, दाताखाली वाळू आल्यासारखी.

लॉकवाला चाकू असेल तर लॉक पूर्ण बसत नाही, किंवा उलट, लागलेला लॉक सुटता सुटत नाही.

सांध्यातनं तांबूस नाहीतर काळं तेल झिरपतंय, खिशाला डाग पडतायत.

मिटल्यावर पातं मधोमध न बसता एका बाजूच्या पत्र्याला घासतंय.

उघडलेलं पातं आडवं हलतंय.

यातली पहिली पाच घरी सुटतात. सहावं आणि सातवं चाकू स्क्रूवाला असेल तर बहुतेक वेळा सुटतं, रिव्हेटवाला, म्हणजे सांध्यात ठोकून बसवलेली, न खुलणारी पिन असलेला असेल तर नाही. आणि एक गोष्ट मी या यादीत मुद्दाम घेतली नाही. लॉक लागलेला असताना पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबलं आणि पातं मिटायला लागलं तर तो चाकू आत्ता बाजूला ठेवा आणि आधी एकदा टूथपिक फिरवून खाच साफ करून बघा, तरी लॉक सुटत असेल तर बाकीचं काही करू नका, थेट शेवटचा भाग वाचा. तो चाकू वापरात ठेवला तर एक दिवस बोटांवर मिटतो.

काम सुरू करायच्या आधी दोन मिनिटं घालवा. पात्याच्या धारेवर कागदी मास्किंग टेप लावा, दुमडून, दोन थर. साफसफाई करताना चाकू पन्नास वेळा उघडमिट करायचा असतो आणि हात ओले, साबणाचे, तेलाचे असतात. मला स्वतःला जे दोन टाके पडलेत ते भाजी चिरताना नाही, चाकू धुताना पडलेत. जाम झालेलं पातं पकडीनं ओढू नका, पकडीचे दात पात्यावर चरे पाडतात आणि निसटली की धार थेट हातात. ओढायचंच असेल तर जाड चामड्याचा तुकडा पात्याच्या पाठीकडनं धरून, सरळ रेषेत, पिळ न देता.

पहिलं काम, फुकटचं: उजेड आणि टूथपिक

चाकू उघडा, मोबाईलची बॅटरी लावा आणि मुठीच्या खाचेत बघा. निम्म्या लोकांना इथंच उत्तर मिळतं. खिशातल्या कापडाचा धुरळा, तंबाखूची पूड, सुपारीचा चुरा, कागदाचे बोळे, हे सगळं खाचेच्या तळाशी दाबून दाबून नमद्यासारखं बसतं. लॉक न बसण्याचं सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. ज्या चाकूच्या पाठीवर खटका असतो, त्या खटक्याचं नाक पात्याच्या मागच्या खाचेत उतरतं, आणि त्या खाचेत अर्धा मिलिमीटर कचरा असला तरी ते पूर्ण उतरत नाही. ज्यात मुठीतली पत्ती सरकून पात्याच्या मागं टेकते त्यातही तसंच.

टूथपिकनंच काढा, लाकडीच. सुई, ब्लेडचं टोक, सेफ्टी पिन नको, कारण लॉकच्या तोंडावर एक चरा पडला तरी पुढं लॉक अडकायला लागतो. कचरा निघाला आणि चाकू सुरळीत झाला तर इथंच थांबा. खरंच थांबा, उगीच पुढचं सगळं करायची गरज नाही.

दुसरं: घाण कुठली आहे ते ओळखा

हे लोक करत नाहीत आणि इथंच सगळं फसतं. आपल्या भागातल्या चाकूत तीन प्रकारचा चिकटा सापडतो आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

गोड चिकटा. ऊस सोलला, गुळाची ढेप फोडली, काकवीच्या डब्याचं झाकण उचकटलं, आंबा-चिकू कापला. साखर सांध्यात जाते, सुकते आणि काचेसारखी कडक होते. साखर तेलात विरघळत नाही, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, रॉकेलमध्ये विरघळत नाही. फक्त पाण्यात विरघळते. तरी माणसं चाकू रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवतात आणि सकाळी म्हणतात काही फरक नाही. कसा पडणार? हातकणंगल्याकडचे एक काका एकदा चाकू घेऊन आले, तीन वर्षं त्यात दर महिन्याला तेल घालत होते, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर पातं एका बोटानं उघडलं. काकांनी दोनदा उघडमिट करून बघितला आणि काही न बोलता खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो गूळ घेऊन आले.

चीक. फणस, कच्चा आंबा, केळीचं खोड. ह्याचं उलटं आहे, पाण्यानं तो आणखी रबरासारखा होतो, तेलात मात्र सुटतो. फणस फोडायच्या आधी आपण हाताला आणि पात्याला खोबरेल लावतो ते ह्याच कारणानं, मग चाकूच्या सांध्याला वेगळा नियम कुठनं येणार. थोडं खोबरेल घालून पंधरा मिनिटं ठेवा, टूथब्रशनं घासा आणि त्यानंतर साबणाच्या पाण्यानं ते खोबरेलसुद्धा काढून टाका. हे शेवटचं विसरू नका, कारण का ते पुढं येतंय.

तेलाची खळ. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल सांध्यात घातलं की हवेनं काही आठवड्यांत घट्ट व्हायला लागतं. कढईच्या कडेला बाहेरनं जो पिवळट चिकट थर चढतो ना, जो घासणीनंसुद्धा जात नाही, तोच थर तुमच्या चाकूच्या सांध्यात चढतो. खोबरेल त्या मानानं लवकर खराब होत नाही पण २४ अंशाच्या खाली ते गोठतं, डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी पडत नाही हे घरोघरी माहितीय. गोठलेलं तेल सांध्यात वंगणाचं काम करत नाही. मागं एकानं मला सांगितलं की चाकू फक्त सकाळी कडक असतो आणि दुपारी बरा होतो, कारण हेच निघालं.

ओळखायचं कसं? ओलं बोट सांध्यावर घासा. बोटाला चिकट गोडूस लागलं तर साखर. पाण्यानं काहीच फरक पडत नाही, पिवळट आणि खरवडलं की पापुद्रे निघतात, तर तेलाची खळ. दोऱ्यासारखं ताणलं जातंय तर चीक. चवीनं बघू नका.

फाउंड्रीतल्या लोकांसाठी चौथा प्रकार आहे. शिरोली, गोकुळ शिरगावकडनं जे चाकू येतात त्यात मोल्डिंगची वाळू आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, काळा धुरळा असतो. हे विरघळत नाही, धुऊनच बाहेर काढावं लागतं, आणि त्यावर तेल पडलं की अक्षरशः पॉलिश पेस्ट तयार होते, प्रत्येक उघडमिटीला सांधा झिजत जातो. करकर लागत असेल तर तो चाकू धुतल्याशिवाय एकदाही उघडमिट करू नका.

तिसरं: धुणं

हो, पाण्यानं. लोखंडी वस्तू पाण्यात घालायला जीव घाबरतो हे कळतं, पण गंज पाण्यानं धुतल्यानं चढत नाही, धुऊन नीट न वाळवल्यानं चढतो.

मगभर कोमट पाणी, अंघोळीचं असतं तेवढं, उकळतं नाही, कारण प्लॅस्टिकच्या मुठी वाकतात आणि चिकटवलेल्या सुटतात. त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. स्टील किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग पाण्याखालीच पंधरा-वीस वेळा उघडमिट. पाणी काळं होईल, बदला. परत. पाणी स्वच्छ राहीपर्यंत. जुना टूथब्रश खाचेत फिरवा. शेवटी नळाखाली धरून साबण पूर्ण काढा.

लाकडी किंवा शिंगाची मूठ असेल तर बुडवायचं नाही. फक्त सांधा ओल्या ब्रशनं आणि कापडानं. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. ओपिनेलसारखे बीच लाकडाच्या मुठीचे चाकू वापरणाऱ्यांना हे पावसाळ्यात दरवर्षी होतं, पातं आत रुतून बसतं. तो बिघाड नाहीच, त्यात तेल घालून काही होणार नाही. लॉकची रिंग मोकळी असल्याची खात्री करा आणि मुठीचं मागचं टोक एखाद्या लाकडी ओंडक्यावर ठोका, झटक्यानं पातं थोडं वर येतं आणि नख घालता येतं. मग अर्धवट उघडा ठेवून तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या. उन्हात ठेवला तर मूठ तडकेल.

तेलाची खळ साबणानं निघाली नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, मोबाईल रिपेअरवाले आयपीए म्हणतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. इअरबडनं लावा, पाच मिनिटांनी ब्रश. शेगडी, उदबत्ती जवळ नको, पेटतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिकच्या मुठीला लावू नका, मूठ चिकट होऊन पांढरी पडते, ती परत चकाकत नाही.

आणि बाथरूमचं ॲसिड, ब्लीच, टॉयलेट क्लीनर ह्यातलं काहीही नाही. गंज काढायला म्हणून लोक घालतात. क्लोरीनवाल्या वस्तू स्टेनलेसला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतात आणि ती खोल जात राहतात.

चौथं: वाळवणं, आणि इथं घाई नको

परत परत बिघडणाऱ्या चाकूचं दुसरं मोठं कारण हे आहे. स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय, असं सगळे म्हणतात. स्टेनलेस गंजत नाही कारण त्यात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं आणि त्याचा एक अतिशय पातळ थर वरनं बसलेला असतो. तो थर खरवडला तरी हवेतल्या ऑक्सिजननं परत तयार होतो. पण सांध्याच्या आत, पातं आणि पत्र्याच्या मधल्या केसाएवढ्या फटीत पाणी अडकलं की तिथं ताजी हवा जात नाही, थर परत तयार होत नाही आणि गंज आतनं सुरू होतो. वरनं चाकू चकचकीत दिसतो, आत तांबडं पाणी. म्हणून उघड्या पात्यापेक्षा फट वाळवणं महत्त्वाचं.

झटका, कापडानं पुसा, टिश्यूचा कोपरा पिळून फटीत घाला, तो पाणी शोषतो. मग वारा. हेअर ड्रायर असेल तर कमी गरमीवर, हातभर लांबनं. पंक्चरवाल्याकडची हवा मारून आणतात काही जण, चालतं, फक्त पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी जमलेलं असतं म्हणून आधी चार-पाच सेकंद पाइप दुसरीकडं सोडा आणि मग चाकूवर धरा, डोळ्यांना चष्मा हवा, कचरा उडतो. त्यानंतर चाकू अर्धा उघडा करून रात्रभर ठेवा. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं कपडे तीन दिवस वाळत नाहीत, चाकू एका तासात वाळेल असं धरून चालू नका. तेव्हा मी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवतो, तो कायम कोमट असतो.

डब्ल्यूडी-४० च्या स्प्रेबद्दल नेहमी विचारतात. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, १९५३ साली ते त्याच कामासाठी बनवलं. म्हणजे धुतल्यावर फटीतलं उरलेलं पाणी बाहेर ढकलायला ते चांगलं आहे, जरूर मारा आणि पुसा. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, मागं उरतो तो पातळ थर सांध्यात फार दिवस टिकत नाही. त्यामुळं ते मारून काम संपलं असं समजू नका, त्याच्यावर तेल लागतंच. फळं कापायच्या पात्यावर मारलं असेल तर पातं साबणानं धुवा.

पाचवं: तेल

शिलाई मशीनचं तेल घ्या, पातळ, पांढरं, कुठल्याही शिलाई मशीनच्या दुकानात छोट्या बाटलीत स्वस्तात मिळतं. किंवा, चाकूनं खायच्या वस्तू कापत असाल तर मेडिकलमधनं लिक्विड पॅराफिन आणा, बद्धकोष्ठावर पोटात घ्यायला देतात तेच. खनिज तेल आहे, वास नाही, घट्ट होत नाही. गाडीचं इंजिन ऑइल, वापरून काढलेलं तर अजिबात नको, त्यात धातूचा चुरा आणि काजळी असते. ग्रीस खिशातल्या चाकूला नको, धूळ धरतं.

किती? एक थेंब. मी सुई तेलात बुडवतो आणि तिच्या टोकावर जेवढं उभं राहतं तेवढं सांध्याच्या एका बाजूला टेकवतो, मग दुसऱ्या बाजूला. फट ते आपोआप आत ओढून घेते. स्प्रिंगवाला चाकू असेल तर पात्याची टाच जिथं स्प्रिंगवर घासते तिथं तिसरा थेंब. मग वीस-तीस वेळा उघडमिट. बाहेर जे तेल येईल त्याचा रंग बघा. काळं किंवा तांबूस आलं तर आत अजून घाण आहे, पुसा, परत थेंब, परत उघडमिट. तेल जसं घातलं तसंच बाहेर यायला लागलं की झालं. मग सगळं बाहेरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून टाका, दिसणारं तेल धूळ गोळा करण्यापलीकडं काही करत नाही.

लॉकच्या तोंडावर तेल नको. पत्ती जिथं पात्याच्या मागं टेकते ती जागा घर्षणावर धरलेली असते, तिथं तेल गेलं तर लॉक सरकू शकतो. चुकून गेलं तर आयपीएच्या इअरबडनं पुसा.

स्विस पद्धतीच्या, बरीच अवजारं असलेल्या चाकूंत, १८९७ साली ज्याची नोंदणी झाली त्या ऑफिसर चाकूपासनं एक युक्ती चालत आलीय, एकाच स्प्रिंगच्या दोन टोकांवर दोन वेगळी अवजारं चालतात. त्यामुळं मोठं पातं कडक झालं असेल तर त्याच थरातलं समोरच्या टोकाचं अवजारही उघडून धुवा आणि तिथंही थेंब द्या. कात्रीची छोटी स्प्रिंग वेगळी, तिला विसरतात सगळे.

सहावं: गंज दिसतोय

हलका तांबूस डाग शाळेच्या खोडरबरनं निघतो, शाईवालं खडबडीत असेल तर आणखी लवकर. त्यानं नाही गेला तर १००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून, पात्यावर जशा बारीक रेषा असतात त्याच दिशेनं हळू. धारेवर नाही, लॉकच्या तोंडावर तर नाहीच. साध्या कार्बन स्टीलच्या पात्यावर निळसर-राखाडी सावली येते, लिंबू-कांदा कापून कापून, तो गंज नाही, ती राहू द्या, उलट ती पात्याला सांभाळते. तांबडा आणि बोटाला लागणारा तो गंज.

आतला गंज असेल तर सांध्यात तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी उघडमिट, तांबडं पुसा, परत तेल. तीन-चार रात्री करा. पाचव्या रात्रीनंतरही तांबडंच येत असेल तर आत खड्डे पडलेत, ते साफसफाईनं भरून येत नाहीत.

सातवं: स्क्रू, तुमच्या चाकूला असेल तर

सांध्यावर स्टार स्क्रू असेल, बहुतेक टी-६ किंवा टी-८, तरच हा भाग तुमच्यासाठी. पातं आडवं हलत असेल तर घट्ट, कडक चालत असेल तर सैल, पण एका वेळी घड्याळातल्या पाच मिनिटांएवढंच फिरवायचं आणि लगेच चालवून बघायचं. बिट नेमक्या मापाचा हवा. टी-८ च्या खाचेत टी-७ फिरवला की खाच गोल होते आणि मग तो स्क्रू ड्रिल करूनच काढावा लागतो. फिरत नसेल तर जोर लावू नका, कंपनीनं बहुधा लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलेलं असतं, सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट स्क्रूच्या डोक्याला टेकवा की ते मऊ होतं. प्लॅस्टिकच्या मुठीला मात्र हे करू नका.

पातं एका बाजूला घासत असेल तर स्क्रू थोडा सैल करून पातं मधोमध आणा आणि तसंच धरून घट्ट करा.

पूर्ण खोलायचं असेल तर पांढऱ्या कापडावर, प्रत्येक पायरीला फोटो काढत. वॉशर कुठल्या बाजूचा कुठं ते लिहून ठेवा. आत बेअरिंग असेल तर बारीक छर्रे असतात, फरशीवर पडले की गेले. परत लावताना स्क्रूच्या आट्यांना निळं लॉकटाइट टाचणीच्या डोक्याएवढं, लाल कधीही नाही, आणि २४ तास हलवू नका. ते सांध्यात उतरलं तर पातं चिकटून बसेल.

परत का होतं

एवढं करूनही महिन्यात परत जाम होत असेल तर चाकू ठेवता कुठं ते बघा. माझ्याकडं येणाऱ्यांत बरेच जण चामड्याच्या म्यानात ठेवतात. आपल्याकडं चप्पल करणाऱ्यांकडनं सुंदर म्यान शिवून मिळतं, मीही करून घेतलंय, पण ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, किंचित आंबट असतं आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवतं. कमरेला लावून हिंडायला म्यान, घरी आल्यावर चाकू बाहेर. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवला तर उत्तम.

घामाच्या खिशात रोज राहणारा चाकू आठवड्यातनं एकदा पुसा. ऊस-गूळ कापला की त्याच दिवशी, साखर ओली आहे तोवर, नळाखाली धरा, नंतर दहा मिनिटांचं काम अर्धा मिनिटात होतं. तेल मात्र पावसाळ्यात महिन्यातनं एकदा आणि एरवी दोन-तीन महिन्यांनी, ते पण धुऊन वाळवल्यावर.

कुठं थांबायचं

रिव्हेटवर हातोडा घ्यायचा नाही. माझा पहिला चांगला चाकू मी असाच घालवला. पातं हलतंय म्हणून रिव्हेटला दोन ठोके दिले, ते इतकं आवळलं की पातं उघडेना, मग ठोकून पिन काढली आणि स्प्रिंग दाबाखाली होती ती उडाली. गालाला लागली, दोन बोटं वर लागली असती तर डोळा गेला असता. रिव्हेटवाल्या चाकूचं धुणं, वाळवणं, तेल एवढंच आपलं काम.

ह्या गोष्टी दिसल्या तर चाकू कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसला पाठवा, आणि वॉरंटी चालू असेल तर एकही स्क्रू उघडू नका, बऱ्याच कंपन्या उघडलेला चाकू वॉरंटीत घेत नाहीत. लॉक खाच साफ करूनही सुटतोय. स्प्रिंगला चीर दिसतेय किंवा पातं मिटताना धरच राहिलेला नाही. रिव्हेटवाल्या चाकूचं पातं आडवं हलतंय किंवा पत्र्याला घासतंय. सांध्याजवळ पात्याला बारीक तडा आहे, हा तेल पुसल्यावर उजेडात तिरपा धरून बघा, केसासारखा दिसतो. लॉकचं तोंड झिजलं असेल तर ते कुणाही ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडनं भरून घेऊ नका, गरमीनं आजूबाजूच्या स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

स्वस्तातला चाकू असेल आणि लॉक गेला असेल तर दुरुस्ती परवडत नाही. तो मोडीत द्या, पण आधी धार दगडावर घासून मारून टाका आणि टेप गुंडाळा, भंगारवाल्याच्या पोत्यात पोरं हात घालतात.

धार गेली असेल तर ते काम धार लावणाऱ्याकडं द्यायला हरकत नाही, फक्त चाकावर धरताना मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा. पात्याची कड निळी पडली म्हणजे साधारण ३०० अंशापर्यंत तापली, तेवढ्या भागाचं पाणी गेलं, तिथं धार परत टिकणार नाही. आणि धार लावून आणल्यावर चाकू तसाच मिटू नका, चाकाचा चुरा सांध्यात बसलेला असतो, आधी नळाखाली धरा.